दीड पानाचे रामटेके सर

रामटेके सरांवर माझा पहिल्या दिवसापासून संशय होता. तसा तो माझा बऱ्याच जणांवर असतो. शनिवार पेठेत वाढलेल्या माणसाच्या दाराची बेल वाजली, तर तो आधी आतूनच "कोण पाहिजे?" असं विचारतो आणि मग दार उघडायचं की नाही ते ठरवतो. पण सर भंडाऱ्याकडचे असूनही या बाबतीत आमच्या वरताण निघाले.

मी शाळेत नोकरीला लागले तेव्हा नव्वदीचं दशक संपत आलं होतं. पेठेतल्या घराघरांतून संगणकाचे क्लास निघाले होते आणि ज्याचा मुलगा अमेरिकेत नाही त्याची लोक हळू आवाजात चौकशी करत. दहावीचं मराठी रामटेके सरांकडे होतं. मी नववीला मराठी शिकवायचे, म्हणजे माझी मुलं पुढं त्यांच्या तावडीत जाणार. उंच, काळेसावळे, अंगाला इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि चेहरा असा की समोरच्यानं काल रात्री काय खाल्लं याचासुद्धा पुरावा मागतील. दसऱ्याला रजा टाकून नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे आणि परत आल्यावर रजेच्या अर्जावर शिक्का बसला का ते कचेरीत जाऊन स्वतः बघायचे.

आमच्या शिक्षकखोलीत पटवर्धन बाई म्हणून ज्येष्ठ शिक्षिका होत्या. दहावीचं मराठी आपल्याला मिळायला हवं होतं असं त्यांचं ठाम मत, आणि ते त्या वर्षानुवर्षं मांडत आल्या होत्या. त्या म्हणायच्या, "भंडाऱ्याहून पुण्याला मराठी शिकवायला आलेत. आता आपणही काशीला जाऊन गंगाजल विकावं." सर ऐकून घ्यायचे. एकदा फक्त एवढंच म्हणाले, "विकून बघा बाई. तिथलं पाणीही तपासून घ्यावं लागते." बाईंनी चहाचा कप ठेवला तो जरा जोरातच.

संशय घेणं हा सरांचा स्वभाव होता म्हणणं अपुरं आहे. ती त्यांची कामाची पद्धत होती. मंडईत मटार घेताना शेंग फोडून आत दाणे आहेत का बघितल्याशिवाय पिशवी पुढे करायचे नाहीत. भाजीवाली एकदा म्हणाली, "मास्तर, मटारचा पेपर काढलाय का आज?" सर म्हणाले, "काढला. अर्धे नापास आहेत." दूधवाला पाणी घालतो, वर्तमानपत्रवाला कालचा अंक देतो, शाळेचं घड्याळ कुणीतरी मुद्दाम पुढं करतं, हे सगळं ते गृहीत धरून चालायचे. पण या सगळ्यांपेक्षा त्यांचा राग एका गोष्टीवर होता. तो म्हणजे दहावीचा लांबलचक निबंध.

ज्यांनी आमच्याकडची दहावी पाहिलेली नाही त्यांना पुरवणीचं माहात्म्य सांगायला हवं. मूळ उत्तरपत्रिका भरली की मूल हात वर करून जादा पानं मागतं, ती पुरवणी. मग ती दोऱ्यानं बांधायची. वर्गात कुणी पहिली पुरवणी मागितली की इतरांचे चेहरे पडायचे. परीक्षा सुटल्यावर फाटकाशी उभे असलेले आईवडील पेपर कसा गेला ते विचारायचे नाहीत. "किती पुरवण्या लावल्या?" हा पहिला प्रश्न. तीन म्हटलं की उसाचा रस, एक म्हटलं की घरापर्यंत शांतता. हुशार मुलं मोठं अक्षर काढून, दोन ओळींत ऐसपैस जागा सोडून पुरवणी गाठायची. कुणी एका परीक्षकानं कधीकाळी म्हणे वीत लावून निबंध मोजला होता. त्या वितीची दहशत पिढ्यान् पिढ्या चालत आली होती.

अशा गावात रामटेके सर फळ्यावर लिहायचे, "निबंध: दीड पान." मुलं विचारायची, "सर, मिनिमम की मॅक्झिमम?"

"तुझं सांगायचं दीड पानात संपते. त्याच्या पुढं लिहिलं ते गाईडवाल्याचं."

त्यांची तपासायची रीत वेगळी होती. निबंध वाचत जायचे आणि जिथं मुलाचं स्वतःचं संपलं असं वाटेल तिथं तांबडी आडवी रेघ मारायचे. रेघेखालचं वाचायचेच नाहीत. रेघ कधी दुसऱ्या पानावर पडायची, कधी तिसऱ्याच ओळीखाली. आणि समासात दोन शब्द: "हे तुझं?"

एका मुलानं "माझी सहल" या निबंधात लिहिलं होतं की पूर्वेला केशरी रंगांची उधळण झाली होती आणि पक्ष्यांचा मंजुळ किलबिलाट कानी पडत होता. मी कामासाठी वर्गात गेले होते म्हणून हे मी स्वतः ऐकलं आहे. सरांनी त्याला उभं केलं.

"सहलीच्या दिवशी किती वाजता उठला?"

"साडेसात, सर. बस चुकणार होती."

"मग पूर्वेला काय चाललं होतं ते कोणी पाहिलं?"

मुलगा जरा विचार करून म्हणाला, "आईनं."

"मग आईला पाठव परीक्षेला," सर म्हणाले. सगळा वर्ग हसला, तो मुलगाही हसला. पण मग सरांनी त्याला विचारलं की बस चुकणार होती तेव्हा काय झालं. तो सांगायला लागला. एका पायात चप्पल, एका पायात बूट, वडील स्कूटरवर, हेल्मेट मुलाच्या डोक्यात आणि डबा घरी. सर म्हणाले, "हे लिही. केशरी रंग काहून आणला मधात?" राग आला किंवा मन भरून आलं की त्यांच्या "का"चं "काहून" व्हायचं. दोन्हींत फरक ओळखायला मला वर्ष लागलं.

माझा संशय मात्र गेला नव्हता. आधी मला वाटायचं, गृहस्थाला वाचायचा कंटाळा आहे, म्हणून छोटे निबंध हवेत. मग एकदा त्यांना अप्पा बळवंत चौकात पाहिलं. शाळा सुटल्यावर कुठंतरी घाईनं जायचे हे माहीत होतंच. पुस्तकांच्या दुकानात उभ्यानं गाईड वाचत होते. एक ठेवलं, दुसरं घेतलं, ओठ पुटपुटत होते. माझ्या मनात आलं, हं, म्हणजे हे स्वतःच गाईड लिहितात, आणि मुलांनी दुसऱ्याचं वाचू नये म्हणून हा सगळा कांगावा. दुसऱ्या दिवशी मी खडा टाकला. "सर, काल चौकात दिसलात."

"तुम्ही मागून आल्या होत्या का?" त्यांनी लगेच विचारलं.

"सहज गेले होते."

"सहज कोणी चौकात जात नाही," ते म्हणाले. मग सांगितलं की बाजारात येणारं प्रत्येक नवं निबंधाचं पुस्तक ते वाचून पाठ करतात. चोर पकडायचा तर माल ओळखता आला पाहिजे. मी विचारलं, इतका राग का? तर म्हणाले, "आमच्या गावात जो लय बोलायचा नं बाई, तो पाटलाचा माणूस असायचा. ज्याला खरंच काही सांगायचं होतं तो दोन शब्दांत सांगून उठून जायचा. त्याचं कोणी ऐकत नव्हतं, ते वेगळं." त्या दिवसापासून मला हा माणूस आवडायला लागला. संशय पूर्ण गेला असं मात्र म्हणवत नाही.

सरांच्या निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना प्रकरण तापलं. पूर्वपरीक्षेत वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलीच्या निबंधावर त्यांनी पहिल्याच पानावर रेघ मारली. तिनं चार पानं लिहिली होती. तिचे वडील हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. गळ्यातल्या पट्ट्याला ओळखपत्र लटकलेलं, तसेच थेट मुख्याध्यापिकांच्या खोलीत आले. सरांना बोलावलं. दहावी-नववीचं मराठी म्हणून मलाही.

"सर, मला एकच सांगा," ते म्हणाले. "बोर्डात चार पानं लिहिली तर मार्क कापतात का?"

"नाही."

"आणि दीड पान लिहिलं तर?"

"कापू शकतात."

"मग लॉजिकली काय करायला पाहिजे?"

"दीड लिहायला पाहिजे," सर म्हणाले.

त्या गृहस्थांनी मुख्याध्यापिकांकडे पाहिलं. मुख्याध्यापिकांनी खिडकीकडे. ते म्हणाले, "माझ्या मुलीच्या ॲडमिशनचा प्रश्न आहे. तुमची तत्त्वं तुम्ही तुमच्या निबंधात वापरा ना."

सर शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमच्या मुलीला सांगण्यासारखं पुष्कळ आहे. पहिल्या पानावर ती स्वतः आहे. पुढच्या तीन पानांत ती कुठं दिसली का तुम्हाला? मला नाही दिसली."

वडील निघून गेल्यावर मुख्याध्यापिकांनी दार लोटून घेतलं. म्हणाल्या, "रामटेके, यंदा मराठीचा निकाल खाली आला तर पुढच्या वर्षी तुम्ही सहावीवर. दहावी पटवर्धन बाईंकडे. मला पालकांना तोंड द्यायचं असतं." सर बरं म्हणाले. बाहेर आल्यावर मी विचारलं, आता तरी मुलांना लांब लिहायला सांगाल का? ते म्हणाले, "मी इतकी वर्षं त्यांना म्हणून राहिलो की भिऊन लिहू नका. आता मी भिलो तर कसं होईल?" दहावीचा वर्ग हा त्यांचा जीव होता. ते घाबरले होते हे मला स्पष्ट दिसत होतं. पण वर्गात पुन्हा दीड पानच सांगितलं. मुलं मान डोलवत "हो सर" म्हणाली.

त्या मार्च महिन्यात परीक्षा झाली आणि उत्तरपत्रिका तपासायला आम्ही एका शाळेच्या सभागृहात जमलो. मी परीक्षक होते, पटवर्धन बाईही. सर आमच्या टेबलाचे नियामक, म्हणजे आम्ही तपासलेल्यातल्या काही पत्रिका पुन्हा तपासून गुण बरोबर दिलेत का ते बघणारे. या कामाला त्यांच्याइतका लायक माणूस महाराष्ट्रात नसेल. यंदा निबंधाच्या विषयांत "संगणक: शाप की वरदान" होता. जो तो तेच लिहीत होता. संगणक हे दुधारी शस्त्र आहे, विज्ञानाची गरुडझेप आहे, आणि शेवटी नाण्याला दोन बाजू असतातच. पटवर्धन बाई पानं उलटत, पुरवणीपर्यंत पोचलं आहे ना ते बघत आणि पंधरापैकी बारा देत. त्यांचा वेग आम्हाला कुणाला गाठता यायचा नाही.

दुपारी सरांच्या हातात पटवर्धन बाईंनी तपासलेली एक पत्रिका आली. निबंध एका पानाचा. गुण सहा. सर वाचायला लागले आणि त्यांचा तांबड्या पेनाचा हात वर गेला तो तसाच राहिला. मग त्यांनी पत्रिका माझ्याकडे सरकवली. मी वाचलं. अजून बरंचसं आठवतं.

"आमच्या घरी टायपिंगचे क्लास होते. सकाळी सहाला टकटक सुरू व्हायची. त्या आवाजात मला गाढ झोप लागायची. आता क्लास बंद झाले. यंत्रे भंगारवाल्याने नेली. बाबा संगणकाच्या क्लासला जातात. तिथे शिकवणारा दादा पूर्वी त्यांचाच विद्यार्थी होता. तो बाबांना पहिल्या बाकावर बसवतो. बाबांना ते आवडत नाही, पण ते त्याला सर म्हणतात. मला आता सहालाच जाग येते, कारण आवाज नसतो. संगणक शाप आहे की वरदान हे मला अजून माहीत नाही. बाबांचा कोर्स संपल्यावर मी त्यांना विचारणार आहे."

माझे डोळे भरून आले, आणि मला तपासणीच्या सभागृहात रडायची सवय नव्हती. सरांनी डोळे मिटले होते. ओठ हलत होते. पाठ केलेली सगळी गाईडं ते मनात चाळत होते. मग म्हणाले, "कुठंच नाही. हे त्याचंच आहे." मी म्हटलं, "चौदा द्या, सर." नियामकाला गुण वाढवता येत होते.

त्यांनी पेन टेकवलं. आणि उचललं.

"काळे बाई, हे आपल्या शाळेतलं लेकरू तर नाही?"

"आपल्या वर्गात कुणाच्या वडिलांचे टायपिंगचे क्लास आहेत?"

"मला काय माहीत? घरचं सगळं थोडीच सांगतात. पण रेघ मारायला जागा नाही. शेवटी म्हण नाही, नाणं नाही. असं लिहायला मी सोडून कोणी शिकवते का?" मग हळू आवाजात म्हणाले, "मला आवडलं काहून? माझं आहे म्हणून तर नाही?"

जन्मभर त्यांनी दूधवाल्यापासून बोर्डापर्यंत सगळ्यांवर संशय घेतला होता. त्या दुपारी तो फिरून त्यांच्यावरच आला. पत्रिका घेऊन ते मुख्य नियामकांकडे गेले आणि म्हणाले की हा उमेदवार माझा विद्यार्थी असू शकतो, मी गुण देणं योग्य नाही, दुसऱ्याकडे द्या.

मुख्य नियामक हसले. "सर, हे गठ्ठे सोलापूरकडचे आहेत. आपल्या गावचे आपल्याकडे येत नाहीत."

"कोण म्हणते?"

"मी म्हणतोय."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

समोरचा माणूस कंटाळला. त्यानं पत्रिका पलीकडच्या टेबलावरच्या नियामकाकडे दिली. त्या गृहस्थांनी पान उलटलं, मागं काही आहे का बघितलं, पुन्हा पुढं उलटलं. "एकच पान आहे. सहा ठीक आहेत," म्हणाले आणि सही केली. आमच्या टेबलावरून सगळं दिसत होतं. मी म्हटलं, "सर, जाऊन बोला ना त्यांच्याशी. वाचलंसुद्धा नाही त्यांनी."

"माझ्याच मुलासाठी मी बोलू?" ते म्हणाले. आणि त्यांनी पुढचा गठ्ठा ओढला.

जूनमध्ये निकाल लागला. शाळेचा मराठीचा निकाल इतका चांगला की मुख्याध्यापिकांनी सगळ्यांना पेढे वाटले. मुलं सरांच्या पाया पडायला शिक्षकखोलीत आली. सरांनी एकेकाला बाजूला घेऊन अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं की निबंध कुठला घेतला होता. कुणी "संगणक", कुणी "मी मुख्यमंत्री झालो तर". मग विचारलं, वडील काय करतात? टायपिंगचं कुणाकडे काही नव्हतं. शेवटी ती पहिल्या नंबरची मुलगी आली. भली पोर होती. सरांनी विचारलं, "तू किती लिहिलं?"

ती खाली बघायला लागली. "सर, रागावू नका. सगळ्यांनीच लांब लिहिलं. आम्ही आधीच ठरवलं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून वर्गात हो म्हणायचो."

"सगळ्यांनी?"

"हो सर. माझ्या तीन पुरवण्या होत्या."

सरांनी तिला पेढा दिला. हसून दिला. ती गेल्यावर खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "माझं कोणीच नव्हतं, बाई. एकही नव्हतं." कुठल्याशा गावातल्या एका अनोळखी लेकरानं कुणीही न शिकवता तेच केलं होतं, आणि त्याचे गुण केवळ सरांच्या प्रामाणिकपणापायी गेले होते. पटवर्धन बाई शेजारीच बसल्या होत्या. टोमणा मारायची इतकी चांगली संधी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सोडली.

दुसऱ्या दिवशी सर मुख्याध्यापिकांकडे गेले आणि म्हणाले, मला सहावी द्या. त्यांना काही कळेना. निकाल तर उत्तम आहे, आता कशाला? यात काही डाव आहे का, असंही त्यांच्या मनात आलं असावं, कारण त्यांनी दोनदा कारण विचारलं. सर म्हणाले, "सहावीत निबंध दहा ओळींचा असतो. खोटं बोलायला जागा कमी असते." निवृत्त होईपर्यंत ते सहावीवरच राहिले. सहावीची मुलं त्यांच्यावर फार खूश होती. पण सर त्यानंतर कधी गुण तपासण्याच्या कामाला गेले नाहीत.

निवृत्तीनंतर ते कात्रजला मुलाकडे राहायला गेले. सात-आठ वर्षांनी माझी नियामक म्हणून नेमणूक झाली तेव्हा मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले. मुलगा आणि सून दोघंही आयटीत, घर दिवसभर रिकामं. सर बारीक झाले होते. चहा त्यांनी स्वतः केला. मी म्हटलं, मला काहीतरी सांगा, पहिल्यांदाच हे काम करतेय.

"संशय घ्या," ते म्हणाले. "पण स्वतःवर घ्याल, तर त्याची किंमत दुसऱ्याच्या लेकरानं भरू नये एवढं पाहा."

मला सोडायला ते बसथांब्यापर्यंत आले. गर्दी होती, धूळ होती, नव्या इमारतींचे फलक लागले होते. ते मध्येच म्हणाले, "मुलगा असेल की मुलगी?"

कोणाबद्दल विचारताहेत हे सांगावं लागलं नाही. मी म्हटलं, "अक्षरावरून मला मुलगी वाटली होती."

"मले मुलगा वाटला." मग म्हणाले, "आता शिकून झालं असेल त्याचं. त्या सहा गुणांनी काही अडलं नसेल नं?"

"नाही हो सर. काही अडलं नसेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेत मुलांकडे पाहायचे तसंच.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

बस आली होती. मी चढले. बस सुटली तरी ते उत्तराची वाट बघत तिथंच उभे होते.